दादानं केलेले वाटे

माझा नवरा शेजाऱ्याच्या नव्या जीपवर जळत नाही, मेव्हण्याच्या तीन मजली घरावर जळत नाही. माझ्या माहेरचं कौतुक ऐकूनही त्याच्या कपाळाला आठी पडत नाही. तो जळतो सख्ख्या धाकट्या भावावर, आणि तेसुद्धा मोबाईलमधल्या एका खोट्या धनुष्यावरून. हे कुणाला सांगायला गेलं तर लोक हसतात. पण आमच्या घरात त्या धनुष्यानं जे केलं ते हसण्यासारखं नव्हतं, म्हणून सांगते. आणि तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना मात्र 'तो'च लिहिणार. इतकं सोसल्यावर तेवढा हक्क मला आहे.

योगीराज येरमाळ्यात हायवेच्या वजनकाट्यावर बसतो. उसाचे ट्रॅक्टर, सोयाबीनच्या गाड्या, खडीचे ट्रक, सगळं त्याच्या खिडकीसमोर येऊन उभं राहतं आणि पावती घेऊन जातं. शेतकरी आणि व्यापारी यांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नसतो, पण दोघंही म्हणतात, योगीराजच्या काट्यावर चला. माणूस तसा सरळ. चहात साखर जास्त, बोलणं कमी, राग आला की भिंतीकडं तोंड करून झोपणार. लग्न ठरवायच्या बैठकीत माझ्या वडिलांनी विचारलं होतं, पोराला काही नाद-बिद? सासूबाई छातीठोकपणे म्हणाल्या, "कसलाच न्हाय बगा." मोबाईल हाही नाद असू शकतो हे त्या माउलीच्या गावीही नव्हतं.

नादाचं नाव 'बुरुजबंदी'. दोन टोळ्या, एक किल्ला. एका टोळीनं बुरुज राखायचा, दुसरीनं तो घ्यायचा. कुठकुठली माणसं आपापल्या घरी बसून एकाच किल्ल्यावर भांडत असतात. जवळून मारायला तलवार आणि भाला, लांबून मारायला धनुष्य, गोफण आणि ठासणीची बंदूक. योगीराज धनुष्यवाला. गाड्यांच्या मधल्या वेळात तो बुरुजावर चढून बाण सोडायचा आणि घरी आला की मला त्याची वर्णनं ऐकवायचा. लोक नव्या नवरीला घेऊन तुळजापूरला जातात, पिक्चरला जातात. मला यानं लांब गेलेला बाण कसा वाकत खाली येतो ते दाखवलं. खरं सांगते, पहिलं वर्षभर मी त्या धनुष्यावर जळत होते. सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

त्याचं दुखणं एकच होतं, बंदूक. अशा खेळात शस्त्रांचा तोल राखावा लागतो, हे मला त्याच्याकडूनच कळलं. एखादं शस्त्र जड झालं की जो तो तेच उचलतो आणि बाकीची धूळ खात पडतात. मग कंपनी आकडे बदलते: पल्ला किती, मार किती, एकदा वापरल्यावर पुन्हा भरायला वेळ किती. बंदुकीचा मार फार आहे, तो कमी करा, असं योगीराज पुण्याच्या त्या कंपनीला वर्षानुवर्षं लिहीत होता. कंपनीकडून एकच निरोप यायचा, आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. तो निरोपसुद्धा तो मला कौतुकानं दाखवायचा.

शंभू हा धाकटा. धाराशिवला कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, बायकोला घेऊन राहतोही तिथंच. त्याला हा खेळ शिकवला योगीराजनंच, सुट्टीला आला असताना, ओट्यावर शेजारी बसवून. थोरल्याच्या हातात धनुष्य म्हटल्यावर धाकट्यानं बंदूक घेतली. पण त्याची रीत वेगळी. तो कंपनीला तक्रार लिहायचा नाही. आपले खेळ रेकॉर्ड करायचा, कुठल्या शस्त्रानं कोण किती लांबून मेलं ते नीट मांडायचा आणि पाठवून द्यायचा. कंपनीनं त्याला चाचणी खेळाडू करून घेतलं. नवे आकडे सगळ्यांना देण्याआधी कंपनी ते अशा मोजक्या माणसांकडून खेळवून बघते.

उसाचा हंगाम सुरू झाला त्या सुमारास खेळात बदल आले. सोबत नेहमीसारखी टीप होती. धनुष्याचा लांबचा पल्ला कमी केला आहे. सूचना: शंभू, येरमाळा.

काट्यावर उसाचा ट्रॅक्टर उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकलेला, आणि योगीराज मोबाईलकडं बघत बसलेला. हे मला अल्ताफनं सांगितलं. अल्ताफचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान काट्याला लागूनच आहे, आणि यांच्या टोळीत तो गोफणवाला आहे. घरी आल्यावर योगीराजनं भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

"अहो, गार करायलाव कशाला?" मी विचारलं.

"ज्याला खेळ शिकवला, त्यानंच माझ्या धनुष्याचा पल्ला छाटला," तो म्हणाला.

"मग फोन करून विचारा की भाऊजींना."

"म्या कशाला करू? मोठा झालाय आता तो."

पल्ल्याचं दुःख दोन दिवसांत विरलं असतं. खरं झोंबलं ते नाव. शंभू, येरमाळा! येरमाळ्यात राहतं कोण? हा. बुरुजावर वर्षं काढली कुणी? यानं. आणि गावाचं नाव लावून पुढं गेला धाराशिवात राहणारा. त्या टिपेखाली टोळीतल्या कुणीकुणी शंभूचं अभिनंदन केलं ते हा रोज उघडून बघायचा, आणि कुणी नव्यानं केलेलं दिसलं की त्याच्याशी बोलणं बंद. शंभू खेळायला आला की हा खेळातून बाहेर. वर मलाच सांगायचा, कंपनीत वशिला लावला असेल. मी म्हटलं, भाऊजींचा वशिला लागत असता तर ते अजून बाटल्या धुत बसले असते का प्रयोगशाळेत? त्यावर भिंतीकडं तोंड.

सासूबाईंनी तर कहर केला. कुठून तरी त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी देवघरातल्या येडाईपुढं साखर ठेवली. मग ती साखर योगीराजच्याच हातावर दिली. "शंभूचं नाव आलंय म्हणं मोबाईलात," त्या म्हणाल्या. "तुजं कवा येणार रं?" बिचाऱ्यानं ती साखर गिळली, पण त्याचा चेहरा कडुलिंब चावल्यासारखा झाला होता. मला हसू येत होतं आणि कीवही येत होती.

मग एका रविवारी शंभू आला आणि आनंदानं म्हणाला, "दादा, तुजं नाव दिलंय म्या कंपनीला. चाचणीला आता आपण दोघं." इतकी वर्षं दार ठोठावून जे उघडलं नाही, ते धाकट्यानं आतून कडी काढून उघडलं होतं. दुसरा कुणी खूश झाला असता. हा आणखीच पेटला. पण नाही म्हणाला नाही, तेवढा शहाणा आहे.

दोघं चाचणीला बसले आणि एकमेकांचे आकडे खोडू लागले. हा धनुष्य वाढवायचा, तो उतरवायचा. तो बंदूक सावरायचा, हा तिला दाबायचा. शेवटी कंपनीतल्या झरीन मॅडम वैतागल्या. शस्त्रांचं काम त्यांच्याकडंच होतं. एका संध्याकाळी त्यांनी दोघांना व्हिडिओवर बोलावलं. शंभू तेव्हा आमच्याकडंच होता. मी कोथिंबीर निवडत शेजारी बसले होते.

"तुम्ही दोघं मिळून मला एकच मांडणी द्या," त्या म्हणाल्या. "त्या आकड्यांवर दोघं चांगले खेळाडू अटीतटीनं खेळले पाहिजेत. कुणी सहज जिंकता कामा नये. तसं झालं तर आकडे सगळ्यांना जातील, आणि ज्यानं ते मांडले त्याचं नाव टिपेत लागेल."

शंभू लगेच म्हणाला, "मग दादाला मांडू द्या. आमच्यात रीत हाय तशी. थोरला वाटे करतो, धाकटा आधी उचलतो."

झरीन मॅडमना ते फार आवडलं. म्हणजे जो मांडणार त्याला निवडता येणार नाही, म्हणून तो मुद्दामच सारखं मांडणार, असं त्या स्वतःशीच बोलल्या. आमच्याकडं इतका विचार कुणी करत नाही, पण रीत खरी आहे. सासरे, म्हणजे आबा, होते तेव्हापासून या घरात वाटे योगीराजच करतो. आंबे असोत, बोरं असोत, दिवाळीचे फटाके असोत, आबा त्यालाच बसवायचे आणि म्हणायचे, याचा हात तोलाचा आहे. शंभूनं यायचं आणि जवळचा ढीग ओढून न्यायचा. आबांच्या मागं शेताचे दोन वाटे झाले तेव्हा तलाठी म्हणाला होता, जागेवर जाऊन बघून तरी घ्या. शंभूनं बसल्या जागेवरून सांगितलं, "रस्त्याकडचा मला. दादानं केलेत न्हवं?" वाट्यावरून भावाभावांत डोकी फुटलेली मी माझ्या माहेरी पाहिली आहेत. या घरी मी सुखानं राहिले त्याचं अर्धं कारण हे होतं.

योगीराजनं आठवडाभर जीव ओतून आकडे मांडले. अल्ताफला समोर बसवून खेळून बघितलं, कधी हा धनुष्य तर तो बंदूक, कधी उलट. एकदा हा जिंकायचा, एकदा अल्ताफ. शुक्रवारी घरी आला तो उजळलेला चेहरा घेऊन. "जमलं गं," म्हणाला. "दोन्हीचा तोल एकदम बरोबर. एवढंसुद्धा इकडंतिकडं न्हाय." कित्येक दिवसांनी त्या दिवशी तो पोटभर जेवला.

शनिवारी टोळीतल्या मंडळींनी पैजा सुरू केल्या. कुठलंही शस्त्र येऊ दे, शंभूच जिंकणार, असं बहुतेकांचं म्हणणं. कुणीतरी यालाच सांगितलं, "योगीदादा, वाईट वाटून घेऊ नका, पण शंभूचा हात आता वेगळाच चालतोय." मला हे नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच, की माझा नवरा मोबाईल घेऊन ओट्यावर बसला आहे आणि जे बरोबर जमलं होतं ते पुन्हा उघडतो आहे.

"जमलं होतं न्हवं? मग आता काय करायलाव?"

मी जवळ जाऊन बघितलं. एवढ्या वर्षांत मलाही थोडं वाचता येऊ लागलं होतं. बंदुकीचा मार त्यानं वाढवला होता. वरवर बघणाऱ्याला वाटावं, बंदूक भारी झाली. पण खाली बंदूक भरायचा वेळ त्याहून जास्त लांबवला होता, आणि धनुष्याचा पल्ला गुपचूप परत वाढवला होता. एक गोळी सुटल्यावर बंदूकवाला दारू ठासत उभा राहणार आणि तेवढ्यात त्याच्या अंगात बाण घुसणार.

"अहो, हे आकडे कंपनी घेईल व्हय? तुमचं नाव जाईल टिपेतून."

"जाऊ दे नाव," तो म्हणाला. "एकदा त्याला सगळ्यांसमोर हरलेला बघायचाय मला. लई झालं त्याचं कौतुक."

"आन् त्यांनी धनुष्यच उचललं तर?"

"न्हाय उचलणार. तो बंदूकवालाच हाय."

मी त्याच्या तोंडावर बोलले, की तुमच्या आबांनी हे बघितलं असतं तर काय म्हणाले असते. आबांचं नाव काढल्यावर त्याचे डोळे क्षणभर हलले. मग म्हणाला, "खेळ हाय गं. शेताची वाटणी हाय का ही?" आणि आकडे पाठवून दिले.

रविवारी दुपारी अल्ताफच्या दुकानात ही गर्दी. दोघं भाऊ एकाच बाकावर शेजारी शेजारी, हातात आपापले मोबाईल. झरीन मॅडम पुण्याहून बघत होत्या. मीही गेले, डबा द्यायचं निमित्त करून. अल्ताफनं मोठ्यानं सांगितलं, "चला, वाटे मांडलेत. शंभूभाई, उचला."

पडद्यावर दोन शस्त्रं होती आणि प्रत्येकाखाली आकडे उघडून बघायचं बटण होतं. शंभूनं त्या बटणाला हातही लावला नाही. सरळ बंदूक उचलली आणि भावाकडं बघून हसला. योगीराज मात्र मोबाईलमध्ये मान घालून बसला होता.

पहिला डाव योगीराजनं घेतला. दुसराही. नंतर तर बघवेना. शंभू लपायचा, पुढं यायचा, गोळी झाडायचा, लागलीही तर एका गोळीत हा मरायचा नाही, आणि पुन्हा बंदूक भरून होईपर्यंत बाणावर बाण. पोरं ओरडत होती, कुणी योगीराजच्या पाठीवर थापा मारत होतं. शंभू गोंधळून गेला होता. आपलं काय चुकतंय ते त्याला कळेना, म्हणून तो आणखी जपून खेळायचा आणि आणखी वाईट हरायचा. माझ्या नवऱ्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आवडला नाही. मी तो पूर्वी कधी बघितला नव्हता.

खेळ संपला आणि झरीन मॅडमचा आवाज आला. "योगीराज, दोन्ही बाजू सारख्या नाहीत. धनुष्य फार जड आहे. हे आकडे घेता येणार नाहीत."

तेव्हा कुठं शंभूनं ते बटण दाबलं. आकडे उघडले. तो वरून खाली वाचत गेला आणि बंदूक भरायच्या वेळेपाशी थांबला. मग मोबाईल खिशात घातला आणि म्हणाला, "चांगला खेळलास दादा." बाकीच्यांना वाटलं, हरलेला माणूस मन मोठं करतोय.

बॅग घ्यायला तो घरी आला. मी चहा टाकला. योगीराजही मागून आला होता, पण आत न येता बाहेर ओट्यावरच थांबला.

मला राहवलं नाही. "भाऊजी, उचलायच्या आधी आकडे बघायचे न्हाईत का?"

"वैनी, दादानं केलेल्या वाट्यात बघायचं असतंय का काही?" त्यानं साधेपणानं विचारलं. मग कपाकडं बघत म्हणाला, "तुम्हाला एक सांगू? ल्हानपणापासून म्या जळत आलोय त्याच्यावर. वाटे करायला आबा त्यालाच बसवायचे. मला म्हणायचे, तू उचल. आधी उचलायला मिळतंय म्हणून समदे मलाच नशीबवान म्हणायचे. मला वाटायचं, एकदा तरी मला बसवावं, एकदा तरी म्हणावं शंभूचा हात तोलाचा हाय. हे शस्त्रांचं काम म्या त्याच्यापायीच धरलं. नाव आलं तेव्हा वाटलं, आता दादा म्हणेल. तर दादानं बोलणंच सोडलं."

ओट्यावर योगीराजला हे सगळं ऐकू जात होतं. शंभूनं चहा संपवला, सासूबाईंच्या पाया पडला आणि धाराशिवची एसटी धरायला निघून गेला. जाताना ओट्यावर थांबून "येतो दादा" म्हणाला. योगीराजनं मान हलवली.

त्यानंतर त्याच्यावर चिडायलाही मला जागा उरली नाही. जिंकलेला माणूस इतका पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. आपण ज्याच्यावर जळत होतो तो आपल्यावरच जळत मोठा झाला, हे त्याला पचत नव्हतं. आणि ज्या तोलाच्या हातासाठी शंभू जळत होता तो आपण एका दुपारच्या टाळ्यांसाठी टाकून दिला, हे तर त्याहून पचत नव्हतं. दोन दिवसांनी त्यानं ते आधीचे, शुक्रवारचे आकडे काढले आणि झरीन मॅडमना पाठवले. सोबत लिहिलं की खेळाच्या आदल्या दिवशी मी हे बिघडवले होते, चूक माझी आहे, शंभूकडून खेळवून बघा. शंभूला त्यानं फोन केला. काय बोलणं झालं मला माहीत नाही. फोन छोटाच झाला.

शंभूनं ते आकडे तपासले. दोन्ही शस्त्रं घेऊन, वेगवेगळ्या माणसांशी खेळून. मग कंपनीला कळवलं, तोल बरोबर आहे. नव्या बदलात ते आकडे सगळ्यांना गेले आणि खाली टीप आली. सूचना: योगीराज, येरमाळा.

सासूबाईंनी पुन्हा साखर ठेवली. टोळीनं अभिनंदन केलं, सगळ्यांत आधी शंभूनं. ज्या एका ओळीसाठी माझा नवरा इतका जळला ती ओळ त्यानं एकदा वाचली आणि मोबाईल उशीखाली सरकवला.

मग येळवस आली. आमच्याकडं या अमावस्येला सगळं घर शेतात जेवतं. कडब्याची खोपटीसारखी कोप, तिच्यात पांडवांची पूजा, भज्जी, बाजरीचे उंडे, माठातली आंबील. शंभू बायकोला घेऊन सकाळीच आला होता. दोघं भाऊ बोलत होते, हसतही होते. पाहुण्यांना जेवू घालून झालं, आणि उरलेलं दोन घरांसाठी वेगळं करायची वेळ आली. सासूबाई सवयीनं म्हणाल्या, "योगीराज, बस रं वाट्याला."

तो बसला. दोन टोपल्या पुढं घेतल्या. उंडे ठेवले, भज्जीचे डबे ठेवले, हरभऱ्याचे डहाळे ठेवले, बोरं ओंजळीनं टाकली. इतक्या सावकाश त्यानं कधी वाटे केले नव्हते. एक बोर इकडचं उचलून तिकडं टाकलं, पुन्हा परत आणलं. मग हात झटकून मागं सरकला.

"उचल शंभू," सासूबाई म्हणाल्या.

शंभू वाकला. हात नेहमीसारखा जवळच्या टोपलीकडं गेला आणि मध्येच थांबला. त्यानं एका टोपलीत बघितलं. मग दुसऱ्या टोपलीत बघितलं. सासूबाई आंबिलीचा माठ पुसत होत्या, त्यांच्या काही लक्षात आलं नाही. योगीराजच्या आलं. तो समोरच बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून.

वाटे सारखेच होते. शंभूनं ते बघून घेतलं आणि मग जवळची टोपली उचलली.